वीतभर तोंड आणि अख्खं मंडळ

पावसाचा दिवस सकाळी साडेआठला उजाडतो. पंचांगात तो सूर्योदयाला उजाडतो, घड्याळात मध्यरात्री, पण हवामान खात्याच्या नोंदवहीत सकाळी साडेआठला. सोमवारी साडेआठला पर्जन्यमापक रिकामा केला की तिथून मंगळवारच्या साडेआठपर्यंत आत जे काही पडेल, ते सगळं मंगळवारच्या नावावर जमा. सोमवारी दुपारी तुमच्या अंगणात गुडघाभर पाणी का साचलेलं असेना, सरकारदरबारी तो मंगळवारचा पाऊस. यात कुणाचा हट्ट नाही. जगभरच्या वेधशाळा ग्रिनिच वेळेनुसार दर तीन तासांनी एकाच क्षणी नोंदी घेतात. त्यांचे पहाटेचे तीन म्हणजे आपले साडेआठ.

ज्याला आपण सगळे ‘सव्वीस जुलैचा पाऊस’ म्हणतो, तोही असाच. 2005 सालच्या त्या दुपारी मुंबई बुडाली, पण सांताक्रूझच्या वेधशाळेतले ते 944 मिलिमीटर 27 जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचे. खात्याच्या वहीत तारीख 27. आणि याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत पडले जेमतेम 73 मिलिमीटर. दोन्ही वेधशाळा मुंबईच्याच, मधलं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. एकीकडे माणसं गाड्यांत गुदमरून मेली आणि दुसरीकडे एरवीही पावसाळ्यात दोन-चारदा पडतो तसा पाऊस पडून गेला. मग त्या दिवशी मुंबईत पाऊस किती पडला? या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. सांताक्रूझला किती आणि कुलाब्याला किती, एवढंच सांगता येतं.

हे मला कळायला हवामानशास्त्राची पदवी लागली नाही. मी शेतकी महाविद्यालयात शिकलो. तिथे ‘कृषी हवामानशास्त्र’ नावाचा एक विषय असायचा आणि त्याच्या प्रात्यक्षिकासाठी सकाळी-सकाळी कॉलेजच्या वेधशाळेत जावं लागायचं. वेधशाळा हा शब्द ऐकून घुमट-बिमट डोळ्यांपुढे आणू नका. काटेरी तारेचं कुंपण घातलेला, गवत कापून सपाट ठेवलेला जमिनीचा एक तुकडा. त्यात पांढऱ्या रंगाची झडपांची पेटी, एका खांबावर गरगर फिरणाऱ्या वाट्या, दुसऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, एक मोठं पाण्याचं पात्र, आणि एका कोपऱ्यात जमिनीत रोवलेला पर्जन्यमापक. पहिल्यांदा बघितल्यावर आमच्यातल्या एकाने ‘एवढंच?’ असं विचारलं होतं. सरांना ते लागलं असावं, कारण पुढचे दोन आठवडे साडेआठची नोंद त्याच्याकडेच होती.

पर्जन्यमापकासारखं साधं यंत्र दुसरं नसेल. वर एक गोल तोंड, त्याखाली नरसाळं, नरसाळ्याखाली बाटली. तोंडाची कड धातूची आणि सुरीच्या पात्यासारखी धारदार असते. ती बोथट असली तर कडेवर पडलेला थेंब आत गेला की बाहेर, याचा हिशेब लागत नाही. ही कड जमिनीपासून 30 सेंटिमीटर वर हवी. त्याहून खाली असेल तर आजूबाजूच्या जमिनीवर आपटलेले शिंतोडे उडून आत जातात. फार वर असेल तर वारा थेंबांना तोंडावरून उडवून नेतो. जवळपास झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मध्ये हवं. साडेआठला वरचा भाग उचलायचा, बाटली काढायची, आणि पाणी मोजपात्रात ओतायचं. पात्र सपाट जागी ठेवून स्वतः गुडघ्यावर बसायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. काचेला चिकटून पाणी कडेला किंचित वर चढलेलं असतं. तिथला आकडा वाचायचा नाही, मधल्या खोलगट भागाचा वाचायचा. मग वहीत लिहायचं, पाणी फेकायचं, सगळं पुन्हा जोडायचं.

पाऊस चालू असताना ही कसरत करून बघावी. एका हातात छत्री धरावी तर छत्रीचं पाणी मोजपात्रात, न धरावी तर वहीवर. आमचे सर त्यासाठी एक प्लास्टिकची घडी केलेली पिशवी खिशात ठेवत आणि वही तिच्यात घालून आत हात घालून लिहीत. अक्षर कसं का येईना, आकडा ओला होता कामा नये. आणि पाऊस पडला नसेल त्या दिवशीही जायचंच. बाटली उघडून, आत काही नाही हे डोळ्यांनी बघून मग ‘0.0’ लिहायचं. ‘आभाळ तर कोरडं होतं सर’ हे कारण चालायचं नाही. रात्री कधीतरी चार शिंतोडे पडून गेलेले असू शकतात, आणि ते मोजण्याइतके नसले तरी त्यांची वेगळी नोंद करायची असते.

या यंत्राचं तोंड वीतभरसुद्धा रुंद नसतं. आपल्याकडे सरसकट दिसतो त्या फायबरच्या पर्जन्यमापकाचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं, काहींचं त्याच्या निम्मं. आता शंभर चौरस किलोमीटरचं एक महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट, धरा आणि भागाकार करून बघा. ज्या जमिनीच्या वतीने हे यंत्र बोलतं, ती त्याच्या तोंडाच्या पाचशे कोटी पट आहे. जगाचाही हिशेब कुणीतरी मांडलेला आहे. अभ्यासासाठी ज्यांची आकडेवारी हाती येते, अशा जगभरच्या पर्जन्यमापकांची तोंडं शेजारी-शेजारी मांडली तर फुटबॉलचं अर्धं मैदानही भरत नाही. पृथ्वीवरच्या जमिनीवर पडणाऱ्या पावसाबद्दल आपण जे काही खात्रीने बोलतो, ते मूळ त्या अर्ध्या मैदानावर पडलेल्या पाण्याच्या जिवावर. उपग्रह आणि रडार आता आहेत, पण त्यांचे अंदाज बरोबर की चूक हे पडताळायला शेवटी जमिनीवरच्या या बाटलीकडेच यावं लागतं.

तरीही माणूस मोजत आलाय, आणि का मोजत आलाय हेही लपलेलं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजायचं कुंड कुठे ठेवायला सांगितलंय? कोठारात. हातभर रुंद तोंडाचं कुंड, धान्य साठवायच्या जागी. पाऊस किती झाला यावर पेरणी काय करायची हे ठरणार, पेरणीवर पीक, पिकावर राजाचा वाटा. म्हणजे पर्जन्यमापक जन्मापासून महसूल खात्यातच नोकरीला आहे. तो आजही तहसील कचेरीच्या आवारात दिसतो याचं नवल वाटायला नको. त्याच ग्रंथात कोणत्या मुलखात किती पाऊस, याचे आकडे द्रोण या जुन्या मापात दिले आहेत. जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशात 16, पाणथळ प्रदेशात त्याच्या दीडपट, अवंतीत म्हणजे माळव्यात 23, आणि अश्मकात साडेतेरा. अश्मक म्हणजे आपला गोदाकाठचा मुलूख. सगळ्यांत कमी आकडा आपला. आणि अपरांत, म्हणजे कोकण, तिथे आकडाच नाही. ‘अमित’, म्हणजे मोजता न येणारा, म्हणून सोडून दिलंय. कोकणातला पाऊस मोजायच्या भानगडीत तो लेखकही पडला नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आमचं गाव माण तालुक्यातलं. ढग आमच्याकडे येईपर्यंत महाबळेश्वरला रिकामे झालेले असतात. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथून घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत, आणि आणखी पूर्वेला सरकत माणात आलात की आकडा सांगायचीही लाज वाटते. त्यामुळे ‘अतिवृष्टी’ ही आमच्याकडे दुसऱ्या जिल्ह्यांच्या बातमीत वाचायची गोष्ट होती. अलीकडे तसं राहिलं नाही. जून-जुलै कोरडे जातात आणि सप्टेंबरात परतीचा पाऊस एका रात्रीत महिन्याचा हिशेब उरकतो.

असाच एका सप्टेंबरात चुलतभावाचा फोन आला. त्याला सगळे बापू म्हणतात. बापूचा काढून ठेवलेला कांदा आणि उभी बाजरी दोन्ही गेलं होतं.

“किती पडला रं?” मी विचारलं.

“कुठला विचारतुयास? आमच्या शिवारात पडला त्यो का मंडळात पडला त्यो?”

त्याच्या प्रश्नात सगळं आलं. महाराष्ट्रात अतिवृष्टीची मदत ठरवताना चोवीस तासांत महसूल मंडळात 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला का, हे बघतात. एका मंडळात बरीच गावं येतात आणि त्या सगळ्यांच्या वतीने एक यंत्र बोलतं. ते यंत्र होतं दुसऱ्या गावात, मधे एक डोंगराची सोंड. तिथं काही साठीही गाठली नव्हती. बापूच्या दारात सिमेंटची सरळ भिंतींची टाकी होती, आदल्या दिवशीच घासून-पुसून कोरडी केलेली. तिच्यात चार बोटांहून जास्त पाणी. बापूने पट्टी घालून मोजलं, नऊ सेंटिमीटर. म्हणजे 90 मिलिमीटर.

गंमत अशी, की शास्त्राच्या दृष्टीने बापूची टाकी काही वाईट साधन नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, एवढीच व्याख्या. भिंती सरळ असतील, तळ सपाट असेल, वर आडोसा नसेल आणि बाहेरचं पाणी आत येत नसेल, तर भांडं केवढंही असो, पाण्याची उंची तीच भरते. घमेलं किंवा बादली घेतली तर गफलत होते, कारण तोंड रुंद आणि बूड अरुंद. टाकी ओट्यालगत असल्याने पागोळ्यांचं पाणी त्यात आलं नसेल कशावरून, ही शंका मी काढली, आणि बापू चिडला. “आता तू बी त्यांच्यातला झालास व्हय?” म्हणाला.

मी त्यांच्यातला नाही, पण त्यांची अडचण मला कळते. कुठे तरी रेघ मारावीच लागते. 65 च्या जागी 60 ठेवली तर 59 वाला रडेल. हवामान खात्याच्या वर्गवारीत 64.5 पासून 115.5 पर्यंत ‘मुसळधार’, तिथून 204.4 पर्यंत ‘अति मुसळधार’, आणि त्यापुढचा ‘अत्यंत मुसळधार’. या रेघा हवामानाचे नकाशे काढायला, इशारे द्यायला केलेल्या आहेत. एखाद्याचं पीक बुडालं की नाही हे ठरवायला त्या केलेल्या नव्हत्या. 70 मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिप पडला तर माणातली माळजमीन तो गुमान पिऊन टाकते. तेवढाच पाऊस तासाभरात कोसळला तर बांध फोडून माती घेऊन जातो. साडेआठ ते साडेआठ मोजणाऱ्या बाटलीला या दोन्हींतला फरक सांगता येत नाही. तिच्या तळाशी दोन्ही दिवशी सारखंच पाणी.

हा फरक सांगू शकणारी यंत्रं आता आली आहेत. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. त्यांच्यातला पर्जन्यमापक बाटली भरत बसत नाही. नरसाळ्याखाली आडव्या पट्टीवर दोन चिमुकल्या वाट्या असतात, मुलांच्या बागेतल्या सीसॉसारख्या. एक वाटी भरली की तिच्या भाराने पट्टी कलंडते, पाणी सांडतं, दुसरी वाटी धारेखाली येते. प्रत्येक कलंडण्याला मिलिमीटरच्या काही दशांशाइतका पाऊस, आणि किती वेळा कलंडली याची मोजदाद आपोआप पुढे जाते. पाऊस किती वाजता सुरू झाला, कोणत्या दहा मिनिटांत सगळ्यात जोरात होता, हे सगळं कळतं.

पण या यंत्राची दुखणीही वेगळी. नरसाळ्याच्या बारीक भोकात सुकलेलं पान अडकलं, की मुसळधार पाऊस यंत्राला थेंबाथेंबाने ऐकू येतो. मुंग्या वारूळ करतात, कोळी जाळं विणतो, चिमण्या घरट्याच्या काड्या आणून टाकतात. उन्हाळाभर धूळ बसलेली असते ती पहिल्या पावसात चिखल होऊन बसते. आणि पाऊस फार जोरात असला तर वाटी कलंडण्याच्या मधल्या क्षणात काही पाणी मोजल्यावाचून निसटतं. म्हणजे नेमका ज्या पावसात आकड्याची गरज, त्याच पावसात यंत्र थोडं कमी सांगतं. बाटलीला हा रोग नाही. माझं मत विचाराल तर स्वयंचलित यंत्राशेजारी एक साधी बाटली असायलाच हवी, आणि साडेआठला तिच्याकडे जाणारा एक माणूसही. पगाराचा प्रश्न येतो हे मला माहीत आहे.

तापमानाचं बघा. मे 2024 च्या अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश सेल्सिअस दाखवले. व्हॉट्सअपवर तो आकडा वणव्यासारखा पसरला. इतर काही केंद्रांवर तेव्हा चव्वेचाळिसाच्या आसपास होतं. खात्याने तपासून सांगितलं की त्या केंद्राच्या संवेदकात बिघाड होता. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने 52.9 दाखवून देशभर मथळे मिळवले होते. तिथेही नंतर प्रमाणित यंत्राशी ताडून बघितल्यावर तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. खुलासा मात्र मथळ्याइतका लांब जात नाही. अजूनही कुणी ना कुणी ते 56 मला ऐकवतं.

आपल्या वर्तमानपत्रांत ‘पारा चढला’ हे अजून चालू आहे, आणि चालू राहो. जुन्या पद्धतीच्या वेधशाळेत तो खरोखरच चढायचा. पांढऱ्या झडपांच्या पेटीला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. दीपगृहं बांधणारा एक स्कॉटिश अभियंता, टॉमस स्टीव्हन्सन, त्याची ही कल्पना. हवा आत खेळावी पण ऊन आत येऊ नये, म्हणून दुहेरी तिरप्या झडपा. आपल्याकडे पेटीचं दार उत्तरेला असतं, नोंद घ्यायला उघडलं तरी आत ऊन पडू नये म्हणून. तापमान नेहमी सावलीतलं मोजतात ते असं. आत चार तापमापक. दोन उभे, त्यातल्या एकाच्या बुडाला ओल्या मलमलीची पट्टी गुंडाळलेली, तिची वात खाली पाण्याच्या बाटलीत. पाणी उडून जाताना त्याला गार करतं. हवा जेवढी कोरडी तेवढा तो शेजाऱ्यापेक्षा खाली. दोघांतल्या फरकावरून कोष्टक बघून आर्द्रता काढायची. दोन आडवे, एक दिवसातलं कमाल तापमान धरून ठेवणारा, दुसरा किमान. कमालवाल्याच्या नळीत बुडाशी चिमटा असतो. पारा चढतो, पण आपण झटकल्याशिवाय परत उतरत नाही. किमानवाल्यात अल्कोहोल, आणि त्यात बुडालेली एक इवलीशी काडी. अल्कोहोल आकसताना काडीला मागे ओढत नेतं आणि पुन्हा पसरताना तिला तिथेच सोडून पुढे जातं. पहाटे चार वाजता कोणी जागं नसताना थंडी कुठवर उतरली होती, ते ही काडी सकाळी दाखवते.

ही यंत्रं भारतात एकसारखी आणि भारतातच बनावीत म्हणून जिने आयुष्य घातलं ती बाई पुण्यात काम करत होती, हे पुण्याच्या लोकांना माहीत असायला हवं. शिवाजीनगरचं ‘सिमला ऑफिस’ प्रत्येक पुणेकराला माहीत आहे, बसचा थांबा म्हणून. 1928 साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण यंत्रांचं काम पुण्यातच राहिलं. ॲना मणी 1948 मध्ये इथे रुजू झाल्या. जन्म 1918, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या, मग लंडनला जाऊन हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास केलेल्या. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साधी उपकरणंसुद्धा बाहेरून येत. मणींनी शंभरच्या आसपास उपकरणांचे प्रमाणित आराखडे करवून घेतले आणि ती इथल्या कार्यशाळेत बनायला लागली. आराखडा प्रमाणित असणं म्हणजे काय, तर जैसलमेरचा पर्जन्यमापक आणि रत्नागिरीचा पर्जन्यमापक यांच्या आकड्यांची तुलना करता येणं. तोंडाचा घेर इकडे-तिकडे झाला की तुलनाच संपली. या कामाला पुतळे उभारत नाहीत.

माझं आवडतं यंत्र मात्र वेगळंच. काचेचा भरीव गोळा, मोसंबीहून थोडा मोठा, एका अर्धगोल कोंदणात बसवलेला. त्यामागे कोंदणाच्या खाचेत जाड कागदाची एक पट्टी सरकवलेली, तिच्यावर तासांच्या रेघा. सूर्य जसा पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो तसा गोळ्यातून एकवटलेला किरण पट्टीवर उलट्या दिशेने सरकतो आणि कागद जाळत जातो. ऊन स्वच्छ असेल तर सलग काळी रेघ. ढग आला की रेघ तुटते, गेला की पुन्हा सुरू. संध्याकाळी पट्टी काढून जळालेली लांबी मोजायची, आज किती तास ऊन पडलं ते मिळतं. काटा नाही, पारा नाही, वीज नाही. एकोणिसाव्या शतकात कॅम्पबेल आणि स्टोक्स या दोघांनी तयार केलेलं हे यंत्र. ऋतूप्रमाणे पट्ट्याही तीन तऱ्हेच्या, उन्हाळ्याची लांब वाकडी, हिवाळ्याची आखूड वाकडी, आणि दिवस-रात्र सारखी असते तेव्हाची सरळ. आषाढात काढलेली पट्टी जशीच्या तशी कोरी निघायची. सर तीही टाकू देत नसत. तारीख घालून गठ्ठ्यात ठेवायला लावत. जुन्या गठ्ठ्यांमधून मी कधीकधी पट्ट्या काढून बघायचो. माझ्या जन्माच्या आधीच्या कुठल्या तरी मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला ढग आला होता, हे त्या जळालेल्या रेघेतल्या खंडावरून दिसायचं.

पाण्याच्या पात्राबद्दल थोडक्यात. बाष्पीभवन मोजायचं ते पात्र, चार फूट रुंद, वर तारेची जाळी. जाळी नसली तर कावळे आंघोळ करतात आणि कुत्री पाणी पितात, आणि ते सगळं बाष्पीभवन म्हणून मोजलं जातं. माणासारख्या भागात वर्षभरात या पात्रातून जेवढं पाणी उडून जातं ते वर्षाच्या पावसाच्या कितीतरी पट भरतं. दुष्काळ समजून घ्यायचा तर पावसाच्या आकड्याशेजारी हा आकडाही छापायला हवा. कोणी छापत नाही.

जे छापतात त्याचा अर्थ मात्र नीट वाचायला हवा. ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ असं ऐकलं, आपल्याकडे ऊन पडलं, की हवामान खात्याचे विनोद सुरू. मीही ते केलेत. पण खात्याच्या बोलीत ‘तुरळक ठिकाणी’ला माप आहे. त्या विभागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे अर्ध्यापर्यंत, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत, आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक’ म्हटल्यावर चारातल्या तिघांकडे कोरडं राहणं हे अंदाज बरोबर आल्याचंच लक्षण. हे कोष्टक बातम्यांखाली रोज एका ओळीत दिलं तर अर्धे विनोद बंद पडतील. वर्तमानपत्रांना विनोद परवडतात, ओळ परवडत नाही.

‘सरासरीइतका’ हा तर त्याहून फसवा. जिल्ह्याचा पाऊस नेहमीच्या सरासरीपेक्षा 19 टक्के कमी असो की 19 टक्के जास्त, तो सरासरीइतकाच गणला जातो. वीस टक्क्यांची तूट झाली की मग ‘कमी’. पावसाचा दिवस कोणता, तर ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तो. जुलैत तीनच दिवस धो-धो पडून उरलेला महिना कोरडा गेला तरी महिनाअखेरीला टक्केवारी शंभर दाखवू शकते. मधल्या पंचवीस दिवसांत बाजरी माना टाकून झालेली असते. “सरासरी जेवायला घालतुयास का?” हा बापूचाच प्रश्न.

बापूच्या वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, मिलिमीटर शेवटपर्यंत पटला नाही. त्यांचं माप ओलीचं. पाऊस उघडला की खुरप्याने माती उकरून ओल किती खोल गेली ते बघायचं, वीतभर की चार बोटं, आणि त्यावर वापसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी झाली, की पेरायचं. कृषी खातं सांगतं की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणीची घाई करू नका. सल्ला शहाणपणाचाच आहे, पण काळ्या रानातले 75 आणि मुरमाड माळावरचे 75 यांची ओल एकसारखी नसते. त्या बाबतीत खुरपं पर्जन्यमापकाच्या पुढे आहे, कारण ते पडलेला पाऊस मोजत नाही, मुरलेला मोजतं. ‘पडतील मघा, नाहीतर वर बघा’ हेही अण्णा म्हणायचे आणि मघा नाही पडल्या तर खरंच वर बघत बसायचे. पण पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बेडूक आहे म्हणून पाऊस चांगला आणि कोल्हा आहे म्हणून हुलकावणी, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “बेडूक काय ढग आणतंय व्हय? ढग आल्यावर बेडूक येतंय,” म्हणायचे. माझ्या मते हे वाक्य हवामानशास्त्राच्या पहिल्या धड्यात घालण्यासारखं आहे.

सांताक्रूझ आणि कुलाब्याच्या त्या फरकातून एक गोष्ट सरकारलाही उमगलेली दिसते, की आकड्याबद्दल भांडायचं तर आकडे वाढवा. मुंबईत आता पालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवलेत. देशपातळीवर 2023 साली ‘विंड्स’ नावाची योजना आली, तिच्यात तालुक्यापेक्षाही खाली उतरून ग्रामपंचायत पातळीवर पाऊस मोजायचा बेत आहे. तो किती वेगाने उतरतो ते बघायचं. मला त्यात यंत्रांच्या संख्येपेक्षा जागेची काळजी जास्त वाटते. गावात मोकळी, कुंपण घालता येण्याजोगी, झाडाझुडपांपासून लांब आणि तरी रोज कुणाचं तरी लक्ष राहील अशी जागा शोधणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. ग्रामपंचायतीचं छप्पर सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं आणि तेच सगळ्यात वाईट. वर वारा जास्त, थेंब तोंडावरून पुढे जातात.

मध्यंतरी गावात या यंत्राची चर्चा निघाली तेव्हा बापूने मला फोन करून जागा विचारली. शाळेचं मैदान म्हटलं तर पोरं क्रिकेट खेळतात, पहिल्या षटकातच यंत्राचा निकाल लागेल. गायरानात ठेवावं तर शेरडं कुंपण जुमानत नाहीत. शेवटी देवळामागची मोकळी जागा निघाली.

“तिथं काय अडचण न्हाई. एक चिंच तेवढी हाय.”

“चिंच किती उंच आहे?”

“हाय की चांगली. चाळीसेक फूट आसंल.”

“मग यंत्र तिच्यापासून ऐंशी फूट तरी लांब पाहिजे.”

बापू थोडा वेळ गप्प बसला. ऐंशी फुटांवर दुसऱ्या भावकीची भिंत येते, आणि त्या भावकीशी वाट्याचा दावा अजून चालू आहे. “चिंच तोडायची म्हटली तर?” त्याने विचारलं. मी म्हटलं, देवळाची चिंच तोडू कोण देईल? मग आम्ही दोघांनी मिळून भिंतीची उंची धरून हिशेब केला, तेव्हा चिंच आणि भिंत यांच्या मधे यंत्राला बसता येईल अशी जागा काही उरली नाही. आता विषय पुढच्या ग्रामसभेत आहे.